आप्पांच्या सायकलला पुढचं कॅरियर : प्रकल्प नोंदी

१२ ऑक्टोबर

काम पक्कं झालं. आसोद्याच्या आप्पांच्या जुन्या काळ्या ॲटलसला पुढे माल ठेवायचं कॅरियर बसवायचंय, आणि भरिताच्या वांग्यांचा हंगाम भरात यायच्या आत बसवायचंय. आप्पा म्हणजे माझे सख्खे काका, वांगी स्वतः पिकवतात आणि सायकलवर जळगावात आणून स्वतःच विकतात, आजपर्यंत सगळा माल मागच्या कॅरियरवर, कॅरेट दोरीने आवळून. अडचण अशी की मागे कॅरेट उभं असलं की टांग मारताना पाय त्याच्या वरून न्यावा लागतो आणि आता गुडघे ऐकत नाहीत, सायकल तिरकी करून चढायचं म्हटलं तर माल कलंडतो. कॅरेट पुढे गेलं की मागे फक्त बुटकं ओझं राहील, एखादं पोतं नाहीतर पिशवी, त्याच्यावरून पाय आरामात जातो.

दुसरं कारण सायकलचंच आहे. या रोडस्टरवर, म्हणजे असल्या जुन्या उंच काळ्या सायकलवर, माणूस ताठ बसतो, त्यामुळे त्याचं बरंचसं वजन मागच्या चाकावरच पडतं, म्हणूनच जुन्या सायकलींना पुढे ३२ आणि मागे ४० स्पोक असायचे. त्यात माल पण मागेच टाकला की स्पोक तुटतात ते मागचेच, आणि आप्पांचे तुटतातच. पुढचं चाक मात्र जवळपास रिकामं फिरत असतं.

आज मापं घेतली. भाजीचं प्लास्टिक कॅरेट ५४ बाय ३६, उंची २९ सेमी. यात टोमॅटो भरले तर २०-२५ किलो बसतात, भरिताची वांगी मोठाली आणि हलकी, मधे पोकळी राहते, म्हणून वजन त्याच्यापेक्षा बरंच कमी भरतं. डिझाइन मात्र २० किलो धरूनच करायचं.

आप्पांचं म्हणणं एवढंच, "मले नखरे नही लागत रे भो, माल हालला नही पायजे बस."

१४ ऑक्टोबर

रात्री बसून काय काय प्रकार असतात ते नीट बघितलं. दुकानात सांगायला गेलं की किती किलो घेईल एवढंच विचारतात, पण माझ्या मते पहिला प्रश्न तो नाहीच. पहिला प्रश्न हा की ओझं फोर्कवर (पुढचं चाक धरणारा, हँडलसोबत फिरणारा चिमटा) बसणार का फ्रेमवर. म्हणजे हँडल वळवलं की माल पण वळणार, का माल सरळ राहणार आणि खाली फक्त चाक वळणार. बाकी सगळं यानंतर.

हँडलला लटकवायची तारेची बास्केट पहिल्यांदाच बाद. ती डब्यासाठी आणि पावशेर मिरच्यांसाठी ठीक आहे, पण सगळं वजन उंचावर लटकतं, आणि हँडलचा क्लॅम्प असल्या वजनासाठी नसतोच.

फोर्कवर बसणारे रॅक जगात बऱ्याच ठिकाणी चालतात. पॅरिसला पूर्वी वर्तमानपत्रं वाटणारे लोक पुढच्या चाकावर मोठा सपाट रॅक लावून गठ्ठे न्यायचे, त्यावरूनच तसल्या रॅकला आजही पोर्टर रॅक म्हणतात. लांबच्या प्रवासवाल्यांचे लो रायडर निराळे, त्यात पिशव्या चाकाच्या दोन्ही बाजूंना खाली एक्सलजवळ लटकतात. जर्मनीच्या ट्युबस कंपनीचा टारा हा त्यातला नावाजलेला, क्रोमोली स्टीलचा, त्याची मर्यादा १५ किलो. पण त्याला फोर्कवर बोल्टाची भोकं लागतात आणि पिशव्या पण तसल्याच लागतात, कॅरेट ठेवायचं असेल तर त्याचा काही उपयोग नाही.

फ्रेमवर बसणारे म्हणजे हॉलंडच्या आणि इंग्लंडच्या माल वाटायच्या सायकली. पॅशली कंपनीच्या डिलिव्हरी सायकलीत पुढचं चाक मुद्दाम लहान, २० इंची घेतात, म्हणजे वरची मोठी टोपली खाली येते, आणि ती टोपली फ्रेमला पक्की, हँडल कितीही फिरवा ती जागची हलत नाही. घडीची ब्रॉम्प्टन आहे तिची पुढची बॅग पण अशीच हेड ट्यूबवरच्या ब्लॉकला अडकते, १० किलोपर्यंत.

हेड ट्यूब म्हणजे फ्रेमची ती पुढची उभी नळी, जिच्यात फोर्कची दांडी फिरते. पुढे सगळीकडे हाच शब्द येणार म्हणून सांगून ठेवतो.

१८ ऑक्टोबर

आज फोर्कवरचं कॅरियर प्रत्यक्ष चालवून बघायला मिळालं. आमच्या गल्लीत पहाटे पाव-खारी घेऊन येणाऱ्या चाचांच्या सायकलला पुढे पत्र्याची पेटी आहे, खाली लोखंडी कॅरियर, त्याचे दोन पाय थेट पुढच्या एक्सलच्या नटात अडकवलेले, आणि वरून एक पट्टी हँडलच्या नळीला. आपल्याकडे जुनं चालत आलेलं डिझाइन हेच, फोर्कला भोक नको की काही नको, नट खोलला पाय घातला नट आवळला झालं काम. चाचांनी पेटी रिकामी करून सायकल दिली, मी त्यावर पाण्याचा भरलेला जार आडवा बांधला, २० लिटर म्हणजे वर २० किलो, आणि मेहरूण तलावाच्या रस्त्याला चक्कर मारली.

सरळ रस्त्यावर वेगात असताना काहीच त्रास नाही, उलट सायकल स्थिर वाटते. मजा जाते ती हळू चालवताना. गर्दीत, वळणावर, माणूस आडवा आला म्हणून वेग कमी केला की हँडल आपोआप एका बाजूला पडायला बघतं आणि ते ओढून धरावं लागतं. चाचांना सवय झालीय, त्यांचा माल पण हलका असतो, पाव-खारीचं वजन ते काय. थांबल्यावर तर आणखी वाईट, सायकल स्टँडला लावली आणि हात सोडला की हँडल गर्रकन फिरतं आणि जार जमिनीकडे. चाचा स्टँडला लावताना ट्यूबचा कापलेला रबर हँडलपासून फ्रेमच्या नळीला बांधतात ते याच्यासाठी.

आप्पांच्या बाबतीत हीच गोष्ट सगळ्यात महत्त्वाची आहे कारण त्यांची सायकल म्हणजेच त्यांचं दुकान. बळीराम पेठेत कडेला स्टँडवर लावायची, गिऱ्हाईक स्वतः कॅरेटमधून एकेक वांगं उचलून बघणार, देठ बघणार, दाबून बघणार, आणि प्रत्येक वांग्यासोबत वजन एका बाजूने कमी होणार. दर वेळी हँडल हातात धरून बसायचं तर तोलायचं कधी.

२८ ऑक्टोबर

दिवाळी झाली, पाहुणे गेले, आता परत काम.

१८ तारखेला जाणवलं त्याचं गणित मांडून ठेवतो कारण निर्णय त्याच्यावरच आहे. स्टिअरिंगची रेषा, म्हणजे हेड ट्यूबची तिरकी रेषा, खाली वाढवत नेली तर ती जमिनीला जिथे लागते ती जागा टायर टेकतो त्या जागेच्या थोडी पुढे असते. या दोन जागांमधलं अंतर म्हणजे ट्रेल. ट्रेल असल्यामुळेच सायकल सरळ चालते. पण ट्रेल असली की हँडल वळवल्यावर सायकलचा पुढचा भाग किंचित खाली पण उतरतो, आणि पुढे ओझं असलं की ते ओझं त्या उताराकडे ढकलतं, म्हणून हँडल पडतं.

आप्पांची सायकल मोजली. हेड ट्यूबचा कोन फोनवरच्या ॲपने ६८ अंशाच्या आसपास, फोर्क पुढे वाकवलेला साधारण ७५ मिमी, टायरसकट चाकाची त्रिज्या ३५५ मिमी. यातून ट्रेल निघते ६२-६३ मिमी. फ्रान्समधे पुढे ओझं न्यायच्या सायकली बांधायचे तेव्हा फोर्कचा वाक वाढवून ट्रेल ३०-४० मिमीपर्यंत खाली आणायचे, म्हणजे फोर्कवर ओझं असूनही हँडल हलकं. आपल्याला ती सोय नाही, जुना फोर्क वाकवून घेणं हा विचार पण करायचा नाही, तो तुटला तर माणूस तोंडावर पडतो.

म्हणून ठरलं. आप्पांना फ्रेमवरचं. ओझं स्टिअरिंगमधून पूर्णच बाहेर काढायचं, मग ट्रेल काहीही असो.

माझ्या स्वतःच्या हायब्रिड सायकलला मात्र मी फोर्कवरचंच लावणार आहे, व्ही ब्रेकच्या खुंट्यांवर आणि खालच्या भोकांवर बसणारं लहान सपाट रॅक, कारण माझं ओझं म्हणजे डबा आणि लॅपटॉप, चार-पाच किलो. एवढ्याला फोर्कवरचं सुटसुटीत, हलकं आणि स्वस्त. दोघांना एकच रॅक चांगलं असं नसतंच मुळी. आणि ज्यांच्या सायकलला पुढे शॉकर आहे त्यांनी फोर्कवरच्या रॅकच्या नादी लागूच नये असं मला वाटतं, शॉकरचा खालचा भाग वर-खाली होतो, वरचा होत नाही, रॅकचे दोन पाय दोन्हीकडे अडकवले तर काहीतरी एक मोडणार.

२ नोव्हेंबर

आज आसोद्यात दिवसभर पुठ्ठा आणि कात्री. रेडीमेड फ्रेमवरचं कॅरियर आपल्या रोडस्टरसाठी मला कुठे मिळालं नाही, म्हणून बनवूनच घ्यायचं, आणि खरी अडचण इथेच आहे. या सायकलला रॉड ब्रेक. पुढच्या ब्रेकची सळी हँडलवरून हेड ट्यूबच्या अगदी पुढून खाली चाकाकडे जाते आणि हँडलसोबत फिरते. मागच्या ब्रेकची सळी पण तिथूनच खालच्या नळीवरच्या कडीला जाते. म्हणजे ज्या नळीला कॅरियर आवळायचं त्याच नळीच्या तोंडासमोर फिरत्या सळ्या.

ब्रेक बदलून केबलचे लावायचे का असं एकाने सुचवलं. पण रॉड ब्रेकची रिम वेगळी असते, तिच्या बाजू गोलसर, ब्रेकचे गुटके आतून वर दाबले जातात, बाजूने दाबणारा कॅलिपर त्या रिमवर नीट पकडत नाही. म्हणजे रिम बदला, स्पोक बदला, मग कॅरियर राहिलं बाजूला आणि सायकल नवीन झाली. आप्पांना पण तो ब्रेक हाताला बसलेला आहे. तो तसाच ठेवायचा.

मग हँडल एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत हळूहळू फिरवत सळ्या कुठून कुठे जातात ते पुठ्ठ्यावर आखत गेलो. आप्पांनी हँडल फिरवलं, मी पेन्सिल धरली, काकूंनी मधे दोनदा चहा आणला. त्यातून चित्र स्पष्ट झालं की हेड ट्यूबच्या बरोबर पुढे जाड काहीही चालणार नाही, पण ३ मिमीची पातळ पट्टी नळीला चिकटून गेली तर सळीला जागा उरते. कॅरियरचे हात पट्टीच्या दोन बाजूंनी निघाले पाहिजेत, एकमेकांपासून ११ सेमीवर, म्हणजे त्यांच्या मधल्या मोकळ्या जागेत सळ्या बिनधास्त फिरतील. त्याच पुठ्ठ्याचं टेम्प्लेट कापून घेतलं.

२४ इंची फ्रेम असल्याचा फायदा झाला, हेड ट्यूब लांब आहे. वरच्या आणि खालच्या नळीच्या लगच्या (नळ्या जिथे जोडतात तिथलं जाड कोंदण) मधे दोन क्लॅम्प बसतात, मध्यापासून मध्यापर्यंत ११० मिमी. लहान फ्रेमवर हे जमलंच नसतं.

४ नोव्हेंबर

ताकदीचा हिशोब. ही रचना म्हणजे भिंतीवरच्या फळीखाली आपण कोन ठोकतो तशीच, वरचा क्लॅम्प ओढला जातो आणि खालचा दाबला जातो. कॅरेटच्या वजनाचा मध्य हेड ट्यूबपासून २५० मिमी पुढे येतो. २० किलो गुणिले २५० भागिले ११०, म्हणजे प्रत्येक क्लॅम्पवर साधारण ४५ किलोचा ओढा. हे उभ्या सायकलवर. खड्ड्यात दणका बसला की तिप्पट धरून चालायचं, १३५ किलो. चांगल्या बोल्टला हे काहीच नाही, प्रश्न बोल्टचा नसून वेल्डिंगचा आणि पाइपच्या वाकाचा असतो.

बरं, पुढच्या एक्सलची जागा पण हेड ट्यूबच्या खालच्या टोकापासून जवळपास २१-२२ सेमी पुढे आहे, कारण कोन झोपलेला आणि फोर्कला वाक मोठा. म्हणजे माल जवळजवळ एक्सलच्याच वर बसतोय, फार पुढे लटकत नाही. हे फार बरं झालं, एक्सलच्या जितकं पुढे ओझं जाईल तितकं मागचं चाक हलकं होतं आणि खड्ड्यात सायकल पुढे डोकं टेकते.

कॅरियर कशाचं बनवायचं, यावर वेल्डरशी बरीच चर्चा. एमआयडीसीत ओळखीचं फॅब्रिकेशनचं दुकान आहे, चटई कंपन्यांची आणि पाइपवाल्यांची कामं करतात. वेल्डर भाऊ म्हणे ८ एमएमची सळी लावू, मजबूत काम. मी वहीत हिशोब करून दाखवला. सळीचं वजन मीटरला व्यासाचा वर्ग भागिले १६२, बांधकामावरच्या कोणालाही हे पाठ असतं, म्हणजे ८ एमएम ला ०.३९५ किलो. अर्धा इंची १८ गेजचा पाइप मीटरला साधारण ०.३४ किलो. म्हणजे पाइप हलका. आणि वाकायला विरोध किती करतो ते व्यासाच्या चौथ्या घातावर जातं, पाइप आतून पोकळ असला तरी बाहेरचा व्यास १२.७ मिमी, त्यामुळे तो ८ एमएम सळीपेक्षा साधारण साडेतीन पट ताठ निघतो. कमी वजनात साडेतीन पट. भाऊने स्वतः दोन तुकडे व्हाइसमधे धरून वाकवून बघितले आणि मग पाइपच काढला. मला हा माणूस इथेच आवडला.

९ नोव्हेंबर

वेल्डिंग झालं. मी शेजारी उभा होतो, जे जे कळलं ते लिहून ठेवतो.

१८ गेजचा पाइप म्हणजे भिंत जेमतेम १.२ मिमी, जाड रॉडने आर्क मारला तर भोक पडतं. बारीक रॉड आणि कमी करंट. एका जागी थांबायचं नाही, टाका टाका देत जायचं, थंड होऊ द्यायचं, मग पूर्ण करायचं. पाइपचं तोंड सरळ कापून जोडायचं नाही, समोरच्या पाइपच्या गोलाईला बसेल असं कानसून घ्यायचं, फट राहिली की ती भरायला जास्त माल ओतावा लागतो आणि तिथेच पुढे तडा जातो. वरचे हात प्लॅटफॉर्मला मिळतात त्या जोडावर लहान तिकोनी पत्रा लावला. कॅरियर तुटतं ते वजनाने एकदम तुटत नाही, थरथरीने तुटतं, रोज थोडं थोडं, आणि जोडाच्या अगदी शेजारी.

सायकलच्या फ्रेमला मात्र वेल्डिंगचा एक ठिपका पण लावायचा नाही हे मी आधीच सांगितलं होतं. या फ्रेम लग घालून पितळाने जोडलेल्या असतात, तिथे आर्कची उष्णता गेली की जुना जोड सुटतो. सगळं क्लॅम्प आणि बोल्टवर.

प्लॅटफॉर्म कॅरेटच्या तळाच्या मापाचा, कडेने पाइप, आत तीन आडव्या पट्ट्या, पुढच्या आणि दोन्ही बाजूच्या कडेला ३ सेमी उंच काठ, म्हणजे कॅरेट सरकणार नाही. मागची कड हेड ट्यूबपासून ८ सेमी पुढे. कॅरेट आडवं बसतं, हँडलच्या रुंदीच्या बाहेर काही जात नाही, गल्लीत जिथून हँडल जाईल तिथून माल पण जाईल. खालचे हात थोडे खाली वाकवले त्यामुळे प्लॅटफॉर्म मडगार्डपासून ५ सेमीवर आला. यापेक्षा खाली आणता आला असता, आणि ओझं जितकं खाली तितकं चांगलं हे खरंच आहे, पण आपल्याकडची काळी माती पावसात मडगार्डच्या आत-बाहेर कशी चढते ते सगळ्यांना माहीत आहे, काडी घालून ती काढायला जागा पाहिजे.

१० नोव्हेंबर

घाईघाईत दोन ओळी. क्लॅम्पच्या खाली ट्यूबचा रबर घालायचा नाही असं ठरवलं, रंग खराब होऊ नये म्हणून लोक घालतात, पण रबर दबत जातो आणि बोल्ट ढिला पडत जातो. रबर वापरायचा तो प्लॅटफॉर्मच्या पट्ट्यांवर, कॅरेट खडखड करू नये म्हणून. नट सगळे नायलॉकचे, म्हणजे आत नायलॉनचं कडं असलेले, थरथरीने सुटत नाहीत.

१६ नोव्हेंबर

आसोद्यात बसवून बघितलं, अजून रंग नाही. खालचा क्लॅम्प लगच्या काठावर टेकलाय, त्यामुळे खाली सरकायचा प्रश्न संपला. पण कॅरेटच्या एका कोपऱ्यावर जोरात दाबलं की सगळं कॅरियर हेड ट्यूबभोवती किंचित फिरायला बघत होतं. यासाठी टेम्प्लेटमधेच जागा सोडलेली होती, वरच्या क्लॅम्पच्या दोन कानांपासून मागे वरच्या आडव्या नळीवर तिसरा क्लॅम्प, मधे दोन बारीक पट्ट्या. खालच्या नळीवर ते करता येत नव्हतं, तिथे मागच्या ब्रेकची कडी आहे. तिसरा क्लॅम्प आवळल्यावर आप्पांनी दोन्ही हातांनी कॅरियर हलवून बघितलं, सायकल हलली, कॅरियर नाही.

मग पाण्याचा जार ठेवून शिवाररस्त्याने. पहिल्यांदा चालवताना विचित्र वाटतं हे आधी सांगून ठेवतो, हँडल वळतंय आणि समोरचं ओझं वळत नाही, डोळ्याला वाटतं सायकल वळलीच नाही. डोळे कॅरेटवर न ठेवता रस्त्यावर ठेवले की थोड्या वेळात विसरून पण जातो. हँडल रिकाम्या सायकलसारखं हलकं. हळू, अगदी चालण्याच्या वेगात, बैलगाडीच्या मागे मागे जाताना सुद्धा. आणि स्टँडला लावून हात सोडला, जार जागच्या जागी. आप्पांनी मुद्दाम हँडल इकडून तिकडे फिरवून बघितलं आणि म्हणाले, "हे झालं पाह्य काम."

एक गोष्ट नक्की बदलते, पुढच्या ब्रेकवर भार वाढतो. रॉड ब्रेक तसाही जोरदार नसतो, स्टीलची रिम ओली असली की फारच कमी पकडतो. गुटके नवे टाकले, सळीचा नट आवळून ढिलाई काढली, पुढच्या चाकात हवा वाढवली. आणि आप्पांना स्पष्ट सांगितलंय की पुढे एकच कॅरेट, दुसरं त्याच्यावर रचायचं नाही. समोर दिसलं पाहिजे आणि थांबता आलं पाहिजे.

२३ नोव्हेंबर

रंग. पावडर कोटिंग करून आणलं, काळं. साधा ऑइल पेंट स्वस्त पडतो पण जिथे कॅरेट घासतं तिथून लगेच निघतो आणि गंज धरतो. पावडर कोटिंगच्या आधी पाइपांची उघडी तोंडं टोप्या वेल्ड करून बंद केली, नाहीतर पाणी आत साचून आतूनच गंजतो. आतून गंजलेलं कळत नाही, एक दिवस पाइप सरळ मोडतो.

वजन केलं. क्लॅम्पसकट सव्वादोन किलोच्या आत. सायकलचा दिवा हेड ट्यूबच्या पुढे होता तो कॅरेटमागे झाकला गेला असता म्हणून प्लॅटफॉर्मच्या पुढच्या काठावर नेला, त्यासाठी एक कान आधीच वेल्ड करून घेतला होता.

७ डिसेंबर

हंगाम जोरात. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ ला जीआय (भौगोलिक मानांकन) मिळाला तेव्हापासून बाहेरगावचे लोक पण नाव घेऊन मागायला लागलेत, आणि थंडी पडली की इकडे रोज कुणाच्या ना कुणाच्या शेतात पऱ्हाट्यांवर, म्हणजे कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर, भरीत भाजणं चालूच असतं, सोबत कळण्याची भाकरी. या वांग्याचं साल पातळ, हिरवं-पांढरं, दणका बसला की डाग पडतो आणि डाग पडलेलं वांगं गिऱ्हाईक बाजूला सारतं. मागच्या कॅरियरवर काय होतंय ते आप्पांना घरून निघाल्यापासून थेट बाजारात पोचेपर्यंत दिसत नव्हतं. आता समोर दिसतं, खड्डा आला की ते आधीच वेग कमी करतात, आणि एखादं वांगं उसळलं तर तिथेच थांबून नीट लावतात. मी डिझाइन करताना टांग आणि स्टिअरिंग एवढाच विचार केला होता, माल नजरेसमोर असणं याचा एवढा फायदा होईल हे त्यांच्याकडून कळलं. कॅरेटच्या तळाशी पोत्याची घडी घालतात, तीही त्यांचीच युक्ती.

आज सगळे बोल्ट तपासले. वरच्या क्लॅम्पचा एक किंचित फिरला, पाव आटा असेल. बाकी जागेवर. जोडांवर नख फिरवून बघितलं, तडा कुठेच नाही. पहिले काही महिने हे दर थोड्या दिवसांनी बघत राहायचं, रंगावर केसासारखी बारीक रेघ दिसली की लगेच कॅरियर खाली उतरवायचं.

४ जानेवारी

भादलीचे एक दूधवाले बाजारात आप्पांची सायकल बघून मागे लागलेत, त्यांना पण असंच पाहिजे. त्यांची सायकल आज बघितली. फ्रेम २२ इंची, हेड ट्यूब आखूड, क्लॅम्पमधलं अंतर जेमतेम ७० मिमी मिळतंय. त्याच २० किलोला ओढा ४५ वरून ७० किलोच्या वर जातो. आणि त्यांचा माल कॅन, उंच आणि आत दूध हेलकावणारं, कॅनचा तोल वांग्यांच्या कॅरेटपेक्षा फार वेगळा. त्यांना मी सांगितलं की तुमचे कॅन मागे दोन बाजूंना खाली लटकतात तेच बरोबर आहे, ते तसेच राहू द्या, पुढे पाहिजे असेल तर ५-७ किलोचं लहान कॅरियर करू, दह्याच्या बरण्यांसाठी. त्यांना ते पटलं. ३० बाय २५ सेमी, त्याच पाइपमधे, क्लॅम्पच्या पट्ट्या ३ ऐवजी ४ मिमी घेता येतात का ते बघायचंय, त्यांच्या सायकलला केबल ब्रेक आहेत, पुढे सळी नाही, त्यामुळे जागा आहे. रविवारी पुठ्ठा घेऊन भादलीला.